चाळीस शिलिंग आणि एक शिकाऊ मुलगा

शनिवार, ७ फेब्रुवारी १६०१. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात दुसऱ्या रिचर्डचे नाटक, बहुधा शेक्सपिअरचेच, लागले होते. नाटक जुने झाले आहे, प्रेक्षक येणार नाहीत, अशी नटमंडळींची हरकत होती. अर्ल ऑफ एसेक्सच्या पक्षातल्या सरदारांनी नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग देऊ केले आणि हरकत मिटली. राजाला पदच्युत करून त्याची हत्या होते, अशी त्या नाटकाची कथा. दुसऱ्याच दिवशी एसेक्सने राणी एलिझाबेथच्या दरबाराविरुद्ध बंड केले.

बंड त्याच दिवशी मोडले. चौकशीत मंडळींच्या वतीने ऑगस्टिन फिलिप्सने जबानी दिली. चाळीस शिलिंगांची हकीकत त्या जबानीतूनच आपल्यापर्यंत आली आहे. नटांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. उलट २४ फेब्रुवारीला याच मंडळींनी राणीसमोर प्रयोग केला, आणि २५ तारखेला टॉवरमध्ये एसेक्सचा शिरच्छेद झाला.

हे नाट्यविश्व आणि हे बंड अँटोनिया फॉरेस्ट यांनी मुलांसाठी दोन कादंबऱ्यांत मांडले : 'द प्लेअर्स बॉय' (१९७०) आणि 'द प्लेअर्स अँड द रेबेल्स' (१९७१). नायक निकोलस मार्लो हा घर सोडून निघालेला मुलगा. त्याची गाठ नाटककार ख्रिस्तोफर मार्लोशी पडते. (देवनागरीत दोन्ही आडनावे सारखीच दिसतात, इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे.) १५९३ मध्ये डेप्टफर्डला नाटककार मार्लो मारला जातो आणि पुढे निकोलस शेक्सपिअरच्या मंडळीत शिकाऊ म्हणून दाखल होतो.

दोन्ही पुस्तके दीर्घकाळ दुर्मीळ होती. जुन्या बालसाहित्याचे पुनर्मुद्रण करणाऱ्या 'गर्ल्स गॉन बाय' या छोट्या प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा छापली.

दरम्यान इतिहास मात्र जागचा हलला होता. १९८९ साली साउथवर्कमध्ये एका बांधकामाच्या जागी रोझ नाट्यगृहाचा पाया सापडला. वास्तू बहुकोनी, व्यास सुमारे २२ मीटर. त्यापूर्वीच्या लेखकांना प्रामुख्याने जुन्या चित्रांवर, करारनाम्यांवर विसंबावे लागे. पुढे २००४ मध्ये डेव्हिड कॅथमन यांनी व्यापारी संघांची दप्तरे तपासून दाखवले, की अनेक नट कागदोपत्री किराणा व्यापारी वा सोनार होते आणि स्त्रीपार्टी करणारी मुले त्या धंद्यांचे उमेदवार म्हणून बांधून घेतली जात. ही मुले चिमुकली नव्हती; साधारण बारा ते एकवीस-बावीस वर्षांची असत.

मग पुनर्मुद्रण करताना मजकूर सुधारावा काय? मुळीच नाही. १९७० साली जे ठाऊक होते त्याचाही तो दस्तऐवज आहे. नवे शोध प्रस्तावनेत सांगता येतात. शिवाय कादंबरीचा गाभा या शोधांनी ढळत नाही. सरदारांशी सौदा करायचा की नाही, हे मंडळीतले भागीदार ठरवत. शिकाऊ मुलाला कोणी विचारीत नसे. जोखीम मात्र त्याच्याही वाट्याला येई.

या मुलांचे स्थान नाट्यगृहमालक फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीत स्पष्ट दिसते. डिसेंबर १५९७ मध्ये त्याने जेम्स ब्रिस्टो नावाचा मुलगा एका नटाकडून आठ पौंडांना 'विकत घेतला', अशी नोंद आहे. पुढे नाटकमंडळी त्या मुलासाठी हेन्स्लोला आठवड्याला तीन शिलिंग देऊ लागली. आठ पौंड म्हणजे एकशे साठ शिलिंग : चौपन्न आठवड्यांत मुद्दल वसूल.