फ्लो सायटोमेट्रीच्या रिपोर्टमधले रंगीत ठिपके काय सांगतात?

मानेत गाठ आली की आपल्याकडे आधी टीबीची शंका येते. ती रास्तच असते. पण लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा संशय असेल तर डॉक्टर बायोप्सीसोबत फ्लो सायटोमेट्रीही सांगू शकतात. मग मोबाइलवर पीडीएफ येते आणि तिच्यातले लाल-निळे ठिपके बघून घरचे घाबरतात.

लाल म्हणजे वाईट, असं इथे नसतं. रंग पेशींचे गट वेगळे दिसावेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दिलेले असतात. एक ठिपका म्हणजे एक पेशी. पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात. विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचा आकार आणि दाणेदारपणा कळतो, तर चिकटवलेल्या चमकत्या अँटिबॉडींवरून त्यांच्यावरची प्रथिनं कळतात. सीडी१९ हे बी-पेशींचं, सीडी३ हे टी-पेशींचं प्रथिन.

खरी गंमत कापा-लॅम्डाच्या चौकोनात आहे. डोंबिवलीला लोकल रिकामी झाली की काही लोक पूर्वेला जातात, काही पश्चिमेला. निरोगी बी-पेशींचंही तसंच असतं. काहींवर कापा साखळी, काहींवर लॅम्डा, आणि सहसा कापावाल्या जास्त. पण एका गटातल्या जवळपास सगळ्याच एका बाजूला गेल्या, तर त्या एकाच पेशीची पिल्लावळ असाव्यात असा संशय येतो. मग बाकीची प्रथिनं बघतात. बी-पेशींवर सीडी५ आणि सीडी२३ दोन्ही असतील तर सीएलएलकडे बोट जातं. सीडी५ आहे पण सीडी२३ नाही, तर मँटल सेल लिम्फोमाचा विचार होतो. शिक्कामोर्तब मात्र बायोप्सी आणि इतर तपासण्या जुळल्यावरच.

रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून लगेच पेढे वाटू नका. हॉजकिन लिम्फोमात कॅन्सरच्या पेशी इतक्या विरळ असतात की नेहमीच्या फ्लोमध्ये त्या सहसा सापडत नाहीत. काही लिम्फोमांच्या मोठ्या, नाजूक पेशी मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच मरतात.

शिवाय या तपासणीला जिवंत पेशी लागतात. संपूर्ण गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवली की फ्लोचा मार्ग बंद. कल्याणहून सॅम्पल ठाण्याला किंवा मुंबईला जाणार असेल, तर गाठीचा एक तुकडा ताजा ठेवणार का आणि तो त्याच दिवशी निघणार का, हे सर्जनना ऑपरेशनआधीच विचारा. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये दुसरं मत घ्यायला जाताना नुसती पीडीएफ नको, बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही सोबत न्या.