गाठीची रसद

गर्भाशयात होणाऱ्या गाठींपैकी सर्वांत अधिक आढळणारी गाठ म्हणजे फायब्रॉइड. ती गर्भाशयाच्या स्नायूतूनच वाढते. कधी वाटाण्याएवढी राहते, कधी नारळाएवढी होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असे दिसले की, वयाची पन्नाशी गाठेपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना ही गाठ झालेली असते. बहुतेकींना तिचा पत्ताही लागत नाही. ज्यांना लागतो त्यांचे मात्र हाल होतात. महिन्यामागून महिना अंगावरून अतोनात जाते, चेहरा पांढराफटक पडतो, चार पायऱ्या चढताना धाप लागते. ही गाठ कर्करोगाची क्वचितच असते. असे असता तिच्यापायी सबंध गर्भाशय काढून टाकण्याचा प्रघात शंभर वर्षांहून अधिक काळ का टिकून राहिला?

याचे उत्तर रक्तात आहे. गर्भाशयाला दोन्ही अंगांनी मोठ्या रोहिण्या रक्त पुरवितात आणि गाठ वाढू लागली की त्या अधिकच फुगतात. अशा गाठीवर सुरी चालविणे म्हणजे भरल्या पाटाला भगदाड पाडणे होय. १८५३ साली अमेरिकेतील लोवेल या गावी वॉल्टर बर्नहॅम या शल्यचिकित्सकाने अंडाशयाची गाठ समजून एका स्त्रीचे पोट उघडले. गुंगीत असतानाच तिला उलटी झाली आणि फायब्रॉइडने भरलेले गर्भाशय छेदातून बाहेर आले. ते परत आत जाईना, म्हणून त्याने ते कापून काढले. ती स्त्री वाचली. त्याच वर्षी त्याच गावात गिल्मन किंबॉल याने हीच शस्त्रक्रिया जाणूनबुजून केली आणि त्याचीही रुग्णा जगली. एका अपघाताने दाखविलेली ही वाट पुढे राजमार्ग झाली. निर्जंतुकीकरण आले, भूल सुधारली, मृत्यू कमी झाले. आणि गाठ काढून गर्भाशय राखण्यापेक्षा दोन्ही एकदम काढणे शल्यचिकित्सकाला सोपे व निर्धोक वाटू लागले. सोपे कोणाला, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

तो विचारला लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर बॉनी यांनी, आणि त्याला घरचे कारण होते. १९०५ साली त्यांचा विवाह झाला. त्यानंतर थोड्याच काळात फायब्रॉइडमुळे होणाऱ्या रक्तस्रावापायी त्यांच्या पत्नीचे गर्भाशय काढावे लागले. त्यांना मूल झाले नाही. ज्या गाठीने जिवाला धोका नाही, तिच्यासाठी तरुण स्त्रीचे मातृत्व का हिरावून घ्यावे, ही खंत त्यांच्या पुढील साऱ्या कार्यामागे दिसते. त्यांनी एक चिमटा तयार केला. शस्त्रक्रिया चालू असेतोवर गर्भाशयाच्या रोहिण्या त्यात आवळून धरायच्या, गाठी एकेक करून सोलून काढायच्या, जखमा शिवायच्या आणि मग चिमटा सोडायचा. एकाच गर्भाशयातून २२५ गाठी काढल्याची त्यांची नोंद प्रसिद्ध आहे. १९४६ साली त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. तरीही बहुसंख्य डॉक्टर जुन्याच वाटेने जात राहिले. बॉनींचा हात सर्वांना साधण्यासारखा नव्हता.

बॉनी १९५३ साली वारले. त्याच वर्षी स्वेडनमधील सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने एक युक्ती प्रसिद्ध केली. सुईने रोहिणी टोचायची, सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. युक्ती इतकी साधी की ती आधी कोणाला का सुचली नाही, याचे नवल वाटावे. तिच्यामुळे शरीर न उघडता आतल्या रोहिणीपर्यंत पोचण्याचा दरवाजा खुला झाला. प्रसूतीनंतरचा न थांबणारा रक्तस्राव याच वाटेने रोहिणी बंद करून थांबविल्याचे वृत्त १९७९ साली प्रसिद्ध झाले.

फायब्रॉइडपर्यंत ही विद्या पोचली ती पॅरिसमध्ये, आणि तीही आडवाटेने. झाक राविना हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. गाठ काढताना रक्त कमी जावे एवढ्याच हेतूने ते व त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेपूर्वी गर्भाशयाच्या रोहिण्यांत वाळूच्या कणांसारखे बारीक कण सोडून त्या बुजवू लागले. नळी जांघेतून आत जाई. कणांना वेगळी दिशा द्यावी लागत नसे. गाठीकडे रक्ताचा ओढा मोठा, म्हणून ते तिकडेच वाहत जात. मग घडले ते विलक्षण होते. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णाच सांगू लागल्या की रक्तस्राव थांबला आहे, दुखणे गेले आहे, आता पोट कशाला उघडायचे? रसद तुटलेला किल्ला हल्ल्यावाचूनच पडावा, तशी गाठ आपोआप आकसत होती. आजूबाजूचा निरोगी स्नायू मात्र दुसऱ्या लहान वाहिन्यांवर तग धरीत होता. १९९५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १६ रुग्णांचा वृत्तान्त आला. ११ जणींचा त्रास नाहीसा झाला होता, तिघींचा काहीसा कमी झाला होता आणि दोघींवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. शोधाचे श्रेय राविनांना मिळाले ते योग्यच. परंतु ‘आता नको’ म्हणणाऱ्या त्या अनामिक स्त्रियांचाही त्यात वाटा आहे.

दरम्यान दुर्बिणीची शस्त्रक्रियाही पुढे सरकली होती. छिद्र लहान आणि गाठ मोठी, म्हणून फिरत्या पात्याने तिचे पोटातच तुकडे करून ते बाहेर ओढीत. परंतु वरून साधी दिसणारी एखादी गाठ कर्करोगाची निघाली, तर ते पाते रोग पोटभर पसरवी. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविरुद्ध इशारा दिला. छेद लहान म्हणून धोकाही लहान, असे मानता येत नाही.

रोहिणी बुजविण्यालाही मर्यादा आहेत. पहिल्या काही तासांत वेदना तीव्र असतात, आणि काहींना पुढे पुन्हा उपचार घ्यावे लागतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, दोन वर्षांनंतर केवळ गाठ काढून घेतलेल्या स्त्रियांचे जीवनमान अधिक सुधारलेले आढळले. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला आजही बहुधा बॉनींच्याच मार्गाचा सल्ला प्रथम दिला जातो.

महाराष्ट्रात मात्र कित्येक जणींपुढे निवड करण्याची वेळच येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली होती. सगळ्यांना फायब्रॉइड होते असे नव्हे. कोणाच्या अंगावरून पांढरे जात होते, कोणाचे पोट दुखत होते, कोणाला कॅन्सरची धास्ती घातली गेली होती. आणि पाळीपायी बुडणारी मजुरी प्रत्येकीच्याच हिशेबात होती. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंगीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. सोनोग्राफीचे यंत्र आता तालुक्याच्या गावीही सापडते आणि गाठ तेथेच दिसते. रोहिणीतून नळी नेणारा तज्ज्ञ गाठायचा, तर मात्र बहुधा मोठ्या शहराची वाट धरावी लागते.