दहा मे, क्रॉमवेल अव्हेन्यू

उत्तर लंडनच्या हायगेट भागात क्रॉमवेल अव्हेन्यूवरचं ६५ नंबरचं घर १ जुलै १९०५ रोजी 'इंडिया हाउस' झालं. पंडित श्यामजी कृष्णवर्मांनी ते हिंदी विद्यार्थ्यांसाठी उघडलं. उद्घाटन हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याच्या हातून झालं. दादाभाई नौरोजी, लाला लजपतराय, मादाम कामा हजर होते. परक्या मुलखात पंचवीसेक मुलांना राहायला हक्काची जागा आणि आपल्या चवीचं जेवण, इथून सुरुवात झाली.

१९०६ मध्ये सावरकर आले, तेही टिळकांच्या शिफारशीने मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. मग वसतिगृहाला रविवारच्या सभांचं वळण लागलं. श्यामजी १९०७ मध्ये पॅरिसला गेले, तरी घर चालत राहिलं.

आज परदेशातला मराठी माणूस १५ ऑगस्टला सकाळी नटूनथटून दूतावासात झेंडावंदनाला जातो, जिलेबी खातो. या मुलांकडे झेंडा नव्हता, दूतावास नव्हता, पंचांगात राष्ट्राचा म्हणावा असा एक दिवस नव्हता. उलट १९०७ साली लंडन १८५७ चं 'बंड' मोडल्याची पन्नाशी साजरी करत होतं. त्याच शहरात राहून या पोरांनी १० मे, मेरठला ठिणगी पडली तो दिवस, आपला राष्ट्रीय सण ठरवला. मला या घराची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते.

पुढच्या वर्षीचा सोहळा जास्त गाजला. १० मे १९०८ ला रविवारच होता. पॅरिसहून आलेले सरदारसिंह राणा अध्यक्ष होते. हुतात्म्यांना उद्देशून सावरकरांनी लिहिलेलं पत्रक वाटलं गेलं. लोकांनी उपवासाची, त्यागाची व्रतं घेतली. आणि शेवटी प्रसाद म्हणून हातावर काय पडलं? चपाती! सत्तावन्नच्या उठावाआधी उत्तरेत गावोगाव, या चौकीदाराकडून त्या चौकीदाराकडे फिरली होती, तीच. पेढ्याऐवजी चपाती सुचणाऱ्याला सण म्हणजे काय ते नेमकं कळलं होतं.

छातीवर सत्तावन्नच्या हुतात्म्यांच्या सन्मानाचे बिल्ले होते. हरनाम सिंग आणि आर. एम. खान हे दोघे शेतकी कॉलेजात शिकत होते. बिल्ला काढा, असं फर्मान निघालं. त्यांनी बिल्ला ठेवला आणि कॉलेज सोडलं. समुद्रापार पोटाला चिमटा काढून शिकायला पाठवलेल्या मुलाने हे करणं म्हणजे काय, ते ज्यांची मुलं बाहेर शिकतात त्यांना सांगायला नको.

सत्तावन्नवरचं सावरकरांचं मराठी पुस्तकही याच घरातलं. रविवारी त्यातली प्रकरणं इंग्रजीत वाचली जात. १९०९ मध्ये इंग्रजी भाषांतर हॉलंडमध्ये छापून झालं. मूळ मराठी हस्तलिखित मात्र गोव्याच्या डॉ. कुटिन्हो यांनी चाळीस वर्षं जिवापाड जपलं.

१ जुलै १९०९ ला या घरात येणाऱ्या मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या आणि घरावरचा पहारा आवळला. घर बंद पडलं, पण सण चुकला नाही. २४ ऑक्टोबरला बेजवॉटरच्या एका हिंदी खाणावळीत दसरा झाला. अध्यक्ष गांधीजी, वक्ते सावरकर. लवकर येऊन स्वयंपाकघरात मुकाट भांडी घासणारा माणूसच आजचा अध्यक्ष आहे हे बऱ्याच वेळाने कळलं, अशी आठवण डॉ. टी. एस. एस. राजन यांनी सांगितली आहे. पुढे या दोघांच्या वाटा किती फाटल्या ते आपण जाणतोच. त्या रात्री ते एका पंगतीला होते.

त्या घरावर १९८५ पासून सावरकरांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. लंडनमधल्या मराठी मंडळींनो, १० मेला सवड काढा. आर्चवे स्टेशनपासून चालत जाता येतं. आत आता लोक राहतात, तेव्हा बेल वाजवू नका. फुटपाथवर उभं राहून पाटी वाचा आणि डब्यात एक चपाती न्या.