मार्जाराचे ऋण

धार आणि देवास ही नावे उच्चारताच राजा भोज, पवारांची घराणी आणि देवासच्या टेकडीवरील देवी यांचे स्मरण होते. राज्यांचा इतिहास लिहिला जातो. त्या राज्यांतील घरांचे धान्य ज्याने राखले, त्या मुक्या प्राण्याचा मात्र कोणी लिहीत नाही. तो प्राणी म्हणजे मांजर.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार सरदार माळव्यात स्थिरावले. धारेस एक गादी झाली; देवासास तुकोजी व जिवाजी या बंधूंच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन झाल्या. एका गावात दोन राजे, ही व्यवस्था १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत टिकली. पवारांमागून कारकून, शास्त्री, भिक्षुक यांची मराठी कुटुंबेही या मुलखात आली. माळव्याची काळी जमीन गव्हाची. वर्षाचा गहू घरात भरला की उंदीर यायचाच, आणि त्यामागोमाग मांजर. पात्यांची हद्द देवास गावातून गेली होती खरी, पण ती मांजरास ठाऊक असण्याचे कारण नव्हते!

मराठी ‘मांजर’ आणि कोंकणी ‘माजर’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मार्जार’ शब्दाचे वंशज होत. मार्जार म्हणजे स्वतःस स्वच्छ करणारा. अमरकोशाने त्यास ‘आखुभुक्’, म्हणजे उंदीर खाणारा, असेही नाव दिले आहे. परंतु आपल्या परंपरेने या प्राण्याकडे दोन दृष्टींनी पाहिले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ढोंगी मनुष्यास ‘बैडालव्रतिक’ म्हणून धिक्कारले आहे; त्याच स्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजराच्या हत्येस प्रायश्चित्त सांगितले आहे. मांजर मारल्यास काशीस सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, ही घरोघरीची समजूत त्याच धाकाची होय. निंदा केली, पण संरक्षणही दिले.

या संरक्षणाचे मोल प्लेगच्या काळात कळले. १८९६ साली मुंबईत प्रकटलेली ही साथ पुढे वऱ्हाड व माळव्यापर्यंत पोचली. उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे सिद्ध होत असतानाच अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी, ज्या गावांत मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे निरीक्षण मांडले. १९०८ साली त्यांचा या विषयावरील लेख ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांजरासही प्लेग होऊ शकतो, हे आज आपणांस ठाऊक आहे. म्हणून मांजर हा रामबाण उपाय नव्हे. तथापि धान्याच्या घरात त्याचे असणे उपकारक होते, यात संशय नाही.

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. शाकाहारी घरातील मांजर पूर्वी दूधभातावर जगते असे वाटे. वस्तुतः दूधभात हे वरकड खाणे. पोट भरे ते शिकारीवर. आज बंद सदनिकेत उंदीर नाही, पण दूधभात मात्र तोच राहिला आहे. मांजरास ‘टॉरिन’ नावाचे द्रव्य लागते. ते त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि वनस्पतिज अन्नातही जवळजवळ नसते. त्याच्या अभावी दृष्टिपटल झिजते हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिले. भूतदयेने घातलेला दूधभातच मांजरास आंधळे करू शकतो!

म्हणून गृहस्थाने काही नियम पाळावेत. मत्स्याहारी घरात काटे काढलेली शिजवलेली मासळी द्यावी. मात्र केवळ तिच्यावर ठेवू नये. शाकाहारी घराने मांजरासाठी मिळणारे तयार सामिष अन्न निराळ्या भांड्यात, स्वयंपाकघराबाहेर द्यावे. हेही मनास पटत नसेल तर मांजर पाळू नये. मोठ्या मांजरास दूध बहुधा पचत नाही. स्वच्छ पाणी सदैव ठेवावे. कांदा-लसूण घातलेले अन्न देऊ नये. आपली पॅरासिटामॉलची गोळी त्यास प्राणघातक ठरते. उंदरांचे विष घरात ठेवू नये; विषारी उंदीर खाऊन मांजरही दगावते. रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. मांजर चावल्यास वा ओरबाडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ वैद्याकडे जावे. गर्भवती स्त्रीने मांजराच्या विष्ठेची पेटी साफ करू नये. पिलांचा सांभाळ होणार नसेल तर शस्त्रक्रियेने संततिनियमन करून घ्यावे. पिले पोत्यात घालून दूर सोडून येणे हे हत्येहून फारसे निराळे नाही.

आपल्या पूर्वजांनी मांजरास मारू नये एवढे सांगितले. त्यास कसे जगवावे, हे आता शास्त्र सांगत आहे. दारी येणाऱ्या जिवास त्याचे स्वतःचे अन्न देणे, हाच या जुन्या ऋणाचा खरा परतावा होय.