दसऱ्याची तारीख नको, थंडी पाहून करा हिवाळी भाजीपाल्याची पेरणी

दसरा झाला की परसबागेत वाफे पाडायचे, ही गावोगावची पद्धत. पण दसरा दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. 2023 मध्ये तो 24 ऑक्टोबरला होता, 2025 मध्ये 2 ऑक्टोबरलाच आला. हा तीन आठवड्यांचा फरक भाजीला महागात पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात बी टाकलं तर उगवण विरळ होते. उशीर झाला तर फेब्रुवारीचं ऊन पिकाला गाठतं.

खूण कोणती?

रात्री पांघरूण लागू लागलं आणि पहाटे गवतावर दव दिसू लागलं, की वाटाणा, गाजर, मेथी, पालक पेरायला हरकत नाही.

रोपं आधी तयार ठेवा

कोबी, फ्लॉवरचं बी गादीवाफ्यावर टाकतात. रोप लागवडीला यायला चार ते पाच आठवडे लागतात. त्यामुळे त्याची तयारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू करावी. दुपारच्या उन्हात वाफ्यावर सावली धरावी.

फ्लॉवर घेताना पाकीट वाचा. लवकर येणारा वाण उशिरा लावला तर बटणाएवढे गड्डे धरतात. उशिराचा वाण आधी लावला तर नुसता पाला वाढतो.

थेट पेरायच्या भाज्या

वाटाणा: लवकर येणाऱ्या वाणाची पहिली तोडणी साधारण दोन महिन्यांनी. उन्हात फुलं गळतात, म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत पेरा.

गाजर: उगवायला दहा ते पंधरा दिवस. तोवर वाफा सुकू देऊ नका. थंडी मिळाली तरच रंग चांगला भरतो.

मुळा: सव्वा ते दीड महिन्यात तयार. वेळेत काढला नाही तर आत जाळी पडते.

कोथिंबीर: धने रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा.

मेथी: महिनाभरात काढणीला येते. सगळं बी एकदम टाकू नका. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरला तर घरात भाजी सलग मिळते.

शेवटची पेरणी कधी?

उन्हापासून मागे मोजा. ऊन फेब्रुवारीच्या मध्यापासून तापू लागतं. ज्या भाजीला दोन महिने लागतात, तिचं बी डिसेंबरच्या मध्यापर्यंत मातीत गेलं पाहिजे. त्यानंतर मेथी, पालक, मुळा अशा झटपट येणाऱ्या भाज्याच घ्याव्यात.