पाचवी पौर्णिमा

आजची गोष्ट माझ्या फसलेल्या कोडची, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाची.

आमच्या मालवणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात. २०२३ च्या सुरुवातीला मी छोटा प्रोग्राम लिहिला: वर्ष टाका, नारळी पौर्णिमेची तारीख घ्या. नियम साधा, गुढीपाडव्यापासूनची पाचवी पौर्णिमा. २०१९ टाकलं, १५ ऑगस्ट. २०२१, २२ ऑगस्ट. दोन्ही बरोबर. २०२० मध्ये अधिक महिना होता, तेही तपासलं. ३ ऑगस्ट, बरोबर! मग २०२३ ची तारीख मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर टाकली: १ ऑगस्ट. काकांनी रजाही टाकली.

आजी म्हणाली, "रे, हो अधिक श्रावण. नारळ निज श्रावणात." खरी तारीख होती ३० ऑगस्ट. काकांची रजा फुकट गेली.

चूक कुठे झाली? २०२० चा अधिक महिना आश्विन होता, म्हणजे श्रावणाच्या नंतरचा. माझ्या मोजणीला त्याचा धक्काच लागला नाही. २०१८ तपासलं असतं, तर अधिक ज्येष्ठाने मला तिथेच पकडलं असतं: कोड म्हणतो २७ जुलै, खरी पौर्णिमा २६ ऑगस्टला.

आता पुस्तक. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्युएल यांनी १८९६ मध्ये 'द इंडियन कॅलेंडर' प्रसिद्ध केलं. शिलालेख आणि ताम्रपटांवरच्या तिथ्या इंग्रजी तारखांत बदलण्यासाठी. त्यातल्या कोष्टकांत इ.स. ३०० ते १९०० पर्यंत प्रत्येक वर्षाचे अधिक आणि क्षय महिने वेगळे दाखवलेत. सरळ वर्षं कुणीही मोजेल. घोळ होतो तो या वर्षांत. शिवाय लेखात तिथीसोबत वार कोरलेला असेल, तर गणिताचा वार त्याच्याशी जुळतो का, हे बघता येतं. उत्तर आधीच दगडावर!

टेस्ट केस अशाच निवडायच्या. एकाच तऱ्हेची दहा वर्षं तपासली तरी ती एकच टेस्ट. अधिक महिना श्रावणाआधी, श्रावणातच, श्रावणानंतर, अशी तीन वर्षं हवीत. क्षयमासाचं वर्षही हवं. शके १९०४, म्हणजे १९८२-८३, तसं होतं.

आणि शेवटची टेस्ट आंगणेवाडीची. भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. तिथे कोडने तारीख दिली, तर कोड नापास. "माका म्हायत नाय" म्हणाला, तर पास.

काकांना नवी आवृत्ती पाठवली. त्यांनी आधी आजीला फोन केला.