प्रश्न कुठून येतो? औद्योगिक डिझाइनच्या स्टुडिओचा प्रवास : वायमार ते पवई

१/
नागपूरहून अमरावतीच्या दिशेने निघाले की वाडी लागते. मालवाहतूक कंपन्यांची कार्यालये, गोदामे आणि रस्त्याकडेला रांगेने उभे असलेले ट्रक. ट्रकच्या फाळक्याला टेकवलेल्या फळीवरून पाठीवर पोते घेऊन हमाल उतरतो, रिकामा परत जातो, पुन्हा उतरतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे रोजचे दृश्य वाटते. औद्योगिक डिझाइनच्या विद्यार्थ्याला मात्र हेच दृश्य एका सत्राचा अभ्यासविषय म्हणून मिळू शकते : फळीचा चढ किती, पोत्याचे वजन किती, पाठ कोणत्या क्षणी वाकते आणि यातले काय बदलता येईल?
असे शिकण्याला ‘स्टुडिओ प्रोजेक्ट’ म्हणतात. या पद्धतीला साधारण शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात बंद पडलेल्या दोन शाळा आहेत, कधीच न दिले गेलेले एक लाखाचे बक्षीस आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईतील पवईत आहे.

२/
प्रथम शब्दाविषयी. येथे ‘स्टुडिओ’ म्हणजे नुसती खोली नव्हे, ती अध्यापनाची पद्धत आहे. व्याख्यान ऐकून परीक्षेत उत्तर लिहायचे, असे येथे नसते. विद्यार्थ्याच्या हाती ‘ब्रीफ’ दिला जातो, म्हणजे प्रश्न आणि त्याच्या अटी. तो प्रत्यक्ष जागेवर जातो, निरीक्षण करतो, शेकडो रेखाटने काढतो. मग पुठ्ठा, थर्मोकोल, माती, लाकूड यांतून कच्ची मॉडेल्स घडतात, मोडतात, पुन्हा घडतात. शेवटी ‘ज्युरी’ : मॉडेल टेबलावर, परीक्षक समोर, आणि ‘हे असेच का?’ या प्रश्नाला तोंड देणारा विद्यार्थी.
या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा बहुधा नजरेआड राहतो. तो म्हणजे पहिलाच : प्रश्न कोणी विचारला आणि तो कुठून आला?

३/
एकोणिसाव्या शतकात विद्यार्थ्यापुढे प्रश्नच नव्हता, नमुना होता. मुंबईत १८५७ मध्ये सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये तेथे आलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी हस्तकौशल्याच्या शिक्षणाला बळ दिले आणि १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स उभी राहिली. धातूकाम, लाकूडकाम, मातीकाम यांत उत्तम हात तयार झाले. पण वसाहतीच्या चौकटीत कारागिराने काय घडवायचे, हे बव्हंशी आधीच ठरलेले असे. कौशल्य अस्सल होते, प्रश्न उसना होता.

४/
१९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे वॉल्टर ग्रोपियस यांनी बाऊहाउस स्थापन केले आणि नमुना बाजूला सारला. नव्या विद्यार्थ्याला आधी प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागे. योहानेस इटन यांनी घडवलेल्या या वर्गात मूर्तींच्या नकला नव्हत्या. कागद, काच, लाकूड, तार हाताळून त्यांचा स्वभाव ओळखायचा होता. त्यानंतर विद्यार्थी कार्यशाळेत जाई.
डिसेंबर १९२२ मध्ये बाऊहाउसच्या कलावंतांच्या कृती कलकत्त्यातही प्रदर्शित झाल्या. पुढे शाळा वायमारहून डेसाउला, तेथून बर्लिनला गेली आणि १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली बंद झाली. बंद पडलेली ही पहिली शाळा.

५/
याच काळात भारतात एक विलक्षण ब्रीफ लिहिला गेला, तोही कोणत्याही डिझाइन शाळेविना. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने गांधीजींच्या पुढाकाराने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी काटेकोर होत्या. यंत्र हलके आणि सहज हलवता येईल असे हवे. ते खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावे. स्त्रीने आठ तास काम केले तरी तिला फार श्रम होऊ नयेत. किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नको. वेळोवेळी देखभाल केल्यास ते किमान वीस वर्षे टिकावे. शिवाय सूत किती आणि कोणत्या जाडीचे निघावे, हेही ठरलेले होते.

६/
आजच्या विद्यार्थ्याने हा ब्रीफ बारकाईने वाचावा. त्यात वापरणारी व्यक्ती आहे, तिचे घर आहे, तिचे शरीर आहे, तिची ऐपत आहे, आणि यंत्र बिघडेल हे गृहीत धरून दुरुस्तीचाही विचार आहे. ‘सुंदर’ हा शब्द न वापरता डिझाइनची जवळजवळ सर्व अंगे त्यात आली आहेत.
देशातून आणि देशाबाहेरूनही प्रयत्न झाले. पण सर्व अटी एकत्र पाळणारे यंत्र निघाले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. वेग वाढवला की यंत्र जड होई किंवा महाग होई. स्वस्त आणि हलके ठेवले की वेग घटे. एका अटीचे समाधान दुसऱ्या अटीवर आघात करते, हा स्टुडिओतला रोजचा अनुभव आहे.

७/
त्या चरख्याच्या शोधाला वर्ध्यात एक घर मिळाले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी तेथून चालवले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादीच्या तंत्रात आयुष्य वेचलेल्या मगनलाल गांधींचे नाव त्याला दिले आहे. चरखे आणि ग्रामोद्योगांची साधने जपणारे हे संग्रहालय वाडीपासून काही तासांच्या अंतरावर आहे. वस्तू कशी बदलत गेली, हे पाहू इच्छिणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्याने तेथे एक दिवस अवश्य घालवावा.

८/
आता पुन्हा जर्मनी, दुसऱ्या महायुद्धानंतरची. २२ फेब्रुवारी १९४३ रोजी नाझींनी हान्स आणि सोफी शोल या भावंडांना देहदंड दिला होता. त्यांची थोरली बहीण इंगे शोल, ओटल आयशर आणि बाऊहाउसचा माजी विद्यार्थी मॅक्स बिल यांनी १९५३ मध्ये उल्म येथे डिझाइनची शाळा उभारली. हुकूमशाहीतून बाहेर पडलेल्या समाजाला नव्या, विवेकी दैनंदिन जीवनाची गरज आहे, अशी त्यामागची धारणा होती. सामान्य माणसाचा पेला, दिवा, रेडिओ, रस्त्यावरची पाटी, हे सारे त्या जीवनाचे भाग होते.

९/
उल्मच्या विद्यार्थिजीवनाचे प्रतीक म्हणजे एक स्टूल. तीन फळ्या आणि एक गोल दांडा, एवढेच. १९५४ चे हे स्टूल सरळ ठेवले तर आसन. आडवे केले तर उंची बदलते. उलटे करून दांडा हातात धरला तर पुस्तके वाहून नेता येतात, आणि एकावर एक रचले तर कपाट होते. हातात पैसा नव्हता, सामानसुमान थोडे होते. त्या टंचाईतूनच त्या वस्तूला तिचे रूप मिळाले.

१०/
मॅक्स बिल १९५७ मध्ये बाहेर पडले. तोमास माल्दोनादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाचा रोख कलेकडून शास्त्राकडे वळवला : शरीरमापन, समाजशास्त्र, गणित, चिन्हशास्त्र. ‘मला असे वाटले’ हे उत्तर ज्युरीपुढे पुरेसे राहिले नाही. प्रत्येक निर्णयामागे कारण हवे.
या शिस्तीतून काय निघू शकते, हे निक रोरिश्ट याच्या १९५९ च्या पदविका प्रोजेक्टने दाखवले : उपाहारगृहांसाठी एकावर एक नीट बसणारी बशा-पेल्यांची मालिका. पुढे रोझेंथालच्या थॉमस या शाखेने ती उत्पादनात आणली आणि ती दशकानुदशके वापरात राहिली. एका विद्यार्थ्याचे शेवटच्या वर्षाचे काम असंख्य टेबलांवर पोहोचले.

११/
भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये आपला अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वाधिक भावला तो लोटा. त्यात पाणी किती मावते, तो कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कुठे जातो, हाताला गरम लागतो का, घासायला सोपा आहे का, असे प्रश्न त्यांनी मांडले. लोट्याचा कोणी एक रचनाकार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने तो घडला. उद्योगयुगात मात्र इतका वेळ मिळणार नव्हता, म्हणून प्रशिक्षित विचार करणारी माणसे हवी होती. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली.

१२/
येथे सुधाकर नाडकर्णी यांचा प्रवेश होतो. मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिकलेला हा तरुण १९६० च्या दशकात उल्मला गेला आणि तेथील काटेकोर पद्धत आत्मसात करून परतला. १९६८ मध्ये प्रांतिक सरकारने अनुदान थांबवल्यावर, अंतर्गत वादांनीही पोखरलेली उल्मची शाळा बंद पडली. ही दुसरी शाळा.
पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजेच आयडीसी, सुरू झाले. त्याच्या उभारणीत नाडकर्णींचा वाटा मोठा होता. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुवाहाटीच्या आयआयटीतील डिझाइन विभागही त्यांनी उभा केला. जर्मनीत दार मिटलेली पद्धत भारतीय अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात रुजली.

१३/
पण पद्धत आयात करता येते, प्रश्न नाही. उल्मचा विद्यार्थी टेबलाभोवती खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा विचार करत होता. पवईच्या विद्यार्थ्यापुढे जमिनीवर मांडी घालणारा, उकिडवे बसून काम करणारा, डोक्यावर ओझे वाहणारा माणूस होता. त्याची मापे परदेशी तक्त्यांत सापडत नव्हती. खुर्चीच्या उंचीसाठी त्या तक्त्यांचा आधार घ्यावा, तर आपल्याकडच्या बहुसंख्यांचे पाय अधांतरी राहण्याचा धोका. देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केलेली भारतीय शरीरमापे राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि विद्यार्थ्याच्या हाती अखेर आपल्या माणसांचे आकडे आले.

१४/
पवईतील दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. सुलेखनकार र. कृ. जोशी आयडीसीत अध्यापन करत होते. संगणक आला तेव्हा त्याला देवनागरी नीट लिहिता येत नव्हती. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांचा प्रश्न कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात नव्हता, तो मराठी पाटीवर होता. पुढे विंडोजमध्ये आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्याच हातचा.
ए. जी. राव यांनी बांबूला अभ्यासाचा विषय केले : गरिबाच्या घरचे साहित्य आधुनिक वस्तूत कसे वळवायचे? २०१४ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. बांबूच्या जंगलांच्या विदर्भात हा प्रश्न तर दारातच उभा आहे.

१५/
२००९ मध्ये केंद्र सरकारने रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि त्यांतून पाच निवडल्या गेल्या. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेले चिन्ह उदय कुमार धर्मलिंगम यांचे होते. आयडीसीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते तेथेच तमिळ अक्षररचनेवर संशोधन करत होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकारात, वर शिरोरेषा. बक्षीस अडीच लाखांचे होते. यावेळी ते दिले गेले.

१६/
१९२९ आणि २०१० या दोन स्पर्धा शेजारी ठेवल्या तर यश आणि अपयश एवढाच फरक दिसेल. पण दोन्ही प्रश्नांचा भार सारखा नव्हता. चिन्हाची कसोटी कागदावर आणि पडद्यावर होती. चरख्याला एका झोपडीत, एका स्त्रीच्या हाताखाली, वीस वर्षे टिकायचे होते. जड प्रश्नाला वेळेत उत्तर न सापडणे ही नामुष्की नव्हे. उत्तर सापडले नसताना सापडल्याचे भासवून बक्षीस वाटले असते, तर ती खरी नामुष्की ठरली असती.
स्टुडिओत नाकारल्या गेलेल्या मॉडेलकडेही असेच पाहायला हवे. पुठ्ठा केरात जातो. पाठ कुठे वाकते, तोल कुठे जातो, पैसा कुठे कमी पडतो, हे ज्ञान मात्र विद्यार्थ्याजवळ उरते.

१७/
वायमारने हाताला प्रश्न विचारायला शिकवले, उल्मने उत्तरामागे कारण मागितले आणि पवईने ती शिस्त येथील माणसांच्या गरजांना लावून पाहिली. यापुढचा ब्रीफ कोणत्या शहरात लिहिला जाईल हे ठरलेले नाही. वाडीच्या गोदामासमोर फळीवरून उतरणाऱ्या माणसाला थांबवून, ‘सर्वांत जास्त त्रास कुठे होतो?’ एवढे विचारण्यासाठी कोणत्याही प्रवेशपरीक्षेची गरज नाही. ते उत्तर ऐकल्यावर मात्र पेन्सिल, मोजपट्टी आणि पुष्कळ पुठ्ठा लागेल.